लाख सोडून

बोरमाळेचे मणी भरीव नसतात. वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. हे मला चौदाव्या वर्षी कळलं, बार्शीतल्या एका सराफाच्या दुकानात, भिंतीकडेच्या बाकावर बसून. सोनारानं माळेचा दोरा कात्रीनं कापला, मणी पितळेच्या वाटीत ओतले, आधी तसेच तोलले. मग एकेक मणी चिमट्यात धरून तापवायला घेतला. लाख वितळून बाहेर यायला लागली तसा दुकानभर वास सुटला. पोस्टात रजिस्टरच्या पाकिटावर लाख लावताना यायचा, अगदी तोच. आई काट्याकडे बघत होती. लग्नात तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, माळ तीन तोळ्यांची आहे. ते तीन तोळे गळ्यात घालून ती इतकी वर्षं वावरली होती.

"साडेबावीस ग्रॅम," सोनार म्हणाला.

"तोळ्यात सांगा."

"सव्वादोन तोळे, वहिनी. लाखेचं वजन जातंय की त्यातनं."

आईनं हुज्जत घातली नाही. "आन् ती लाख?" एवढंच विचारलं. सोनार हसला. "ती काय करता? जळून गेली."

घट-बीट धरून नऊ हजार आठशे रुपये हातात आले. आईच्या नाही, माझ्या चुलत्यांच्या. नानांनी अंगठ्याला थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या, बंडीच्या आतल्या खिशात घातल्या आणि आम्ही तिघं चालत दवाखान्यात आलो. १९९७ चा डिसेंबर होता. आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं पोटाला नळ्या लावून पडले होते.

आमचं गाव परंडा तालुक्यात. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, पण बाजार, लग्नाचा बस्ता आणि दवाखाना सगळं बार्शीला. आण्णा रात्रीच्या लाईटवर ज्वारीला पाणी द्यायला गेले होते, ते पहाटे पोट धरून, कमरेत वाकून आले. ओवा झाला, खायचा सोडा झाला, आजीनं दृष्ट काढली. दिवस उगवेपर्यंत पोट फळीसारखं कडक. शेजारच्यांची जीप काढली. डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, अल्सर फुटलाय, आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागेल. सगळं मिळून चोवीस हजार रुपये लागले. आमचं वर्षाचं किराणा, कपडे, खत धरूनही तेव्हा एवढे होत नसतील.

काय मोडायचं याची बैठक दवाखान्याच्या जिन्याखाली झाली. मी आईच्या मागे उभी होते. घरात मोडण्यासारखं होतं ते असं: चार एकर कोरडवाहू आणि थोडी विहिरीखालची जमीन, एक बैलजोडी, एक दुभती म्हैस, दोन शेळ्या आणि आईच्या गळ्यातली बोरमाळ. बैल विकले तर उन्हाळ्यात नांगरट कशानं करायची? म्हशीचा डेअरीचा पगार येत होता. जमिनीचं तर नावच काढायचं नव्हतं. नाना म्हणाले, "सोनं काय, नुसतं पडून असतंय." आईनं जिन्याखालच्या अंधारात मान खाली घालून माळ काढली. ती पडून नव्हती. गळ्यात होती.

आज मी बँकेत काम करते आणि रोज कर्जाचीच आकडेमोड करते. नानांचा त्या दिवशीचा हिशेब मला अजूनही चुकीचा वाटत नाही. कमावतं जनावर ठेवायचं, न कमावणारा ऐवज मोडायचा, हे कोणीही शहाणा माणूस सांगेल. फक्त त्या हिशेबाला एक शेपूट आहे. कमावतं ते सगळं आण्णांचं होतं आणि न कमावणारं ते आईचं. आण्णा बरे होऊन घरी आले तेव्हा त्यांची जमीन, त्यांचे बैल जागच्या जागी होते. आईकडं काही उरलं नव्हतं. शेळ्याही गेल्या होत्या, चौदाशेला. आमच्याकडं शेळ्या-कोंबड्या बाईच्या. त्यांच्याबद्दल बैठकसुद्धा झाली नाही.

आण्णांची एक वही होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, बियाण्याच्या दुकानातून दिवाळीला मिळालेली. घरी आल्यावर, टाके ओले असतानाच, उशीला टेकून त्यांनी लिहून काढलं: नाना ३,०००. बियाण्याचं दुकान ५,०००. दाजी २,०००. डेअरीची उचल १,५००. ज्याचे फिटतील त्याच्यावर रेघ. शेवटची रेघ २००० सालच्या दिवाळीत पडली, आणि त्या दिवशी आण्णांनी घरात पेढे आणले. "कुणाचा रुपाया ठिवला न्हाई," हे ते आजही अभिमानानं सांगतात. खरंच आहे. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे ते त्यामुळेच.

बोरमाळ त्या वहीत नव्हती. ती लपवायची म्हणून नव्हे, तर ती उसनवारी आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. स्त्रीधन हा शब्द आम्ही कीर्तनातही ऐकलेला नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ सांगतं की बाईला मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण असते. म्हणजे कागदावर बघितलं तर सगळ्यात मोठं कर्ज आईनं दिलं होतं, नानांच्या तिप्पट आणि बिनव्याजी. हे मी कॉलेजात गेल्यावर एकदा घरी बोलून दाखवलं तर आजीनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले.

आणखी एक न लिहिलेलं. आई अकरा दिवस दवाखान्यात, खाटेखाली गोणपाट टाकून झोपायची. त्या काळात आणि पुढं आण्णा उठून बसेपर्यंत घर मी बघितलं. नववीत होते. सतरा दिवस शाळा बुडाली. माझा भाऊ पाचवीत, त्याची बुडाली नाही, कारण त्याचा डबा करायला मी घरी होते. कोणी मला थांब म्हटलं नाही. मीच थांबले, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. वार्षिक परीक्षेत गणितात ३८ मार्क पडले तेव्हा आण्णांनी विचारलं, "लक्ष कुठं असतंय तुझं?"

मराठीत बाईचं दुखणं 'अंगा'भोवती फिरतं. अंगावरून जातं. अंग बाहेर येतं. तान्ह्याला अंगावर पाजायचं. सोनंसुद्धा अंगावरचं. आणि या सगळ्यावरचा उपाय एकच, दुखणं अंगावर काढायचं. पुरुष काढत नाहीत असं नाही. पण त्यांचं काढणं लवकर दिसतं, कारण गडी कामावर नाही गेला तर संध्याकाळपर्यंत चार माणसं विचारतात. बाई मात्र अंगावर काढताकाढता भाकरी थापत असते, आणि भाकरी ताटात पडतेय तोवर घरात सगळं ठीक असतं.

आईचं २००८ च्या दिवाळीपासून अंगावरून जात होतं. महिन्यातले चार दिवस नाही, वीस-वीस दिवस. तिनं कोणाला सांगितलं नाही. नर्सबाईंकडून लोहाच्या लाल गोळ्या आणायची, त्या खाल्ल्या की मळमळतं म्हणून निम्म्या टाकून द्यायची. आधी ज्वारीची काढणी होती. मग खळं. मग चुलत भावाचं लग्न. "एवढं झालं की बघू" या वाक्यात किती महिने मावतात ते मी तेव्हा बघितलं. मे महिन्यात विहिरीवरून येताना ती बांधावर पडली. घागर फुटली नाही, स्टीलची होती. घरी आणल्यावर तिनं आधी घागरीचा पोचा बघितला, असं काकू अजून सांगते. बार्शीत तपासलं तर हिमोग्लोबिन चार पूर्णांक आठ. डॉक्टर चिडले. "एवढं रक्त घेऊन ही बाई चालत कशी होती?" गर्भाशयात गाठी होत्या. आधी रक्त चढवायचं, मग पिशवी काढायची. खर्च अठ्ठावीस हजार.

आता गळ्यात काळे मणी आणि दोन वाट्या, एवढंच होतं. आण्णा बियाण्याच्या दुकानात गेले. तेच दुकान, तोच मालक, ज्याचे पाच हजार त्यांनी, त्यानं व्याज मागितलं नसतानाही, व्याजासकट फेडले होते. दुपारी रिकाम्या हातानं परत आले. मला त्यांचा फार राग आला. पुष्कळ वर्षांनी, भावाच्या घरी निवांत बसलो असताना, त्यांनी आपणहून सांगितलं.

"गेल्तो. बसलो. त्यानं च्या मागिवला. पावसाचं बोललो, सोयाबीनच्या बियाचं बोललो. पैशाचं काढणार, तर तिथं चार गडी बसल्यालं. काय झालंय इचारलं तर काय सांगू?"

मी त्यावर फार विचार केला आहे. गावातली उसनवारी गोष्टीवर चालते. 'आतडं फुटलं, रात्रीत माणूस गेला असता' ही सांगता येण्यासारखी गोष्ट होती. नानांनी ती बाजारात, डेअरीवर, पारावर दहा वेळा सांगितली आणि दर वेळी कोणाचा तरी हात खिशात गेला. आईच्या दुखण्याला चारचौघांत उच्चारता येईल असं नावच नव्हतं. ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्यासाठी पैसे मागायचे कसे? आण्णांचं प्रेम कमी पडलं असं मी आता म्हणत नाही. शब्द कमी पडला. पण परिणाम तोच.

मग पैसा दुसऱ्या वाटेनं आला. ज्वारीच्या कणगीत आईचा एक डबा होता, त्यात दोन हजार तीनशे चाळीस रुपये निघाले, काही नोटा इतक्या जुन्या की घडीवर फाटल्या. मामांनी दहा हजार आणले. भावानं पुण्याहून पाच पाठवले. काकूनं बचत गटातून पाच हजार काढले, शेकडा दोननं. आई गटात नव्हती, कारण महिन्याचे पन्नास रुपये कशाला अडकवायचे असं आण्णांनीच म्हटलं होतं. कर्ज काकूच्या नावावर, आणि गटाच्या रजिस्टरात कारण लिहिलं शेळीपालन. चार मी दिले. मी तेव्हा एका पतसंस्थेत नोकरीला होते, पगार माझ्या नावावर जमा व्हायचा, तरी आईच्या दुखण्याला पैसे देताना मी नवऱ्याला विचारलं. कळवलं नाही, विचारलं. ते लगेच हो म्हणाले, त्यांचा काही प्रश्नच नव्हता. पण जीभ आपसूक 'देऊ का?' म्हणाली, 'देतेय' म्हणाली नाही. उरलेले आण्णांच्या दुधाच्या पगारातून.

मामांच्या दहा हजारांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण ते दिसतात तसे नाहीत. बाईचं मोठं दुखणं माहेरी जातं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्याच्या दोन वर्षं आधी आईनं मामांना हक्कसोड करून दिली होती. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा १९९४ च्या दुरुस्तीनं दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. आईला हे तलाठ्यानं समजावूनही सांगितलं होतं. तरी तिनं सही केली, एका साडीवर. शिकलेल्या मुलीच्या तोऱ्यात मी तिला तेव्हा वेड्यात काढलं होतं. दवाखान्यात मामा पिशवीतून नोटांचं बंडल काढताना बघितले तेव्हा कळलं की ती वेडी नव्हती. सात एकरातला हिस्सा हा तिचा विम्याचा हप्ता होता, एकरकमी भरलेला. भावाचं दार उघडं राहावं म्हणून. विमा महागच पडला म्हणायचा. पण तिला दुसरी कोणती कंपनी दारात उभी करत होती?

गटाचे पाच हजार आईनं स्वतः फेडले. डॉक्टरांनी तीन महिने वजन उचलू नका सांगितलं होतं. दोन महिन्यांनी ती खुरपणीला जायला लागली, "बसूनच तर करायचं असतंय." बाईची हजेरी तेव्हा सत्तर रुपये होती, गड्याची दीडशे. म्हणजे तिचं दुखणं फेडायला तिला गड्याच्या दुपटीहून जास्त दिवस लागले. हा हिशेब मात्र मी केला. तिनं दहा महिन्यांत फेडलं आणि अकराव्या महिन्यात स्वतः गटात नाव घातलं, आण्णांना न विचारता.

तीन वर्षांनी, २०१२ च्या जुलैत, राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर. आता ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखान्याच्या दारात आरोग्यमित्र बसलेला असतो, कागदं बघून देतो. हिच्यामुळं किती जणांची जमीन वाचली ते मी गावात बघितलं आहे, त्यामुळं योजनांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण योजना सुरू होते दवाखान्याच्या पायरीवर. दिवाळी ते मे हे सहा महिने कोणत्याच यादीत नसतात. पायरीपर्यंत पोचण्यातच खरी मेख आहे, आणि पायरी जितकी लांब तितकी बाई मागे राहते. दिल्लीच्या एम्समधल्या २०१६ च्या बाह्यरुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवीस लाखांवर रुग्ण, दर बाईमागे १.६९ पुरुष, आणि रुग्णाचं राज्य दिल्लीपासून लांब तसं बायकांचं प्रमाण आणखी कमी. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडंही बार्शीपर्यंत बाईला नेतात. सोलापूर म्हटलं की घरात विचार सुरू होतो. पुणे म्हटलं की, "बघू, जरा गोळ्यांचा गुण येतोय का."

उलटं उदाहरणही आमच्याच जिल्ह्यातलं आहे. १९९९ पासून चार वर्षं उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. त्यातल्या एका गटाची तपासणीच केली नाही यावरून पुढं वादही झाला, आणि तो वाद मला रास्त वाटतो. पण २००९ ला निकाल आला तो असा की एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, एकदाच केलेली तपासणी या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर आणू शकते. माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. घरोघर बाया यायच्या, नाव लिहून चिठ्ठी द्यायच्या, आणि ज्या बायका तापातही दवाखान्याचं नाव घेत नसत त्या ठेवणीतलं लुगडं नेसून तपासायला जायच्या. पैसे लागत नव्हते. रोज बुडत नव्हता. आणि महत्त्वाचं म्हणजे कोणाला काही सांगावं लागत नव्हतं, दवाखान्यानंच बोलावलं होतं.

पिशवी काढण्याचं मात्र पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारनं सांगितलं, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांतून ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या तालुक्यातूनही टोळ्या जातात, त्यामुळं यातलं गणित समजायला मला वर्तमानपत्र लागलं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते आणि नवऱ्याच्या हातात पडते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, त्याचे पैसे उचलीतून कापतात. पाळी म्हणजे खाडा. दुखणं म्हणजे खाडा. मग डॉक्टर 'काढून टाका, कॅन्सर होईल' म्हणाला की घरात कोणी दुसरा डॉक्टर गाठत नाही. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतून, आणि ती फेडायला पुढच्या हंगामात, पोटात टाके घेऊन, तीच बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते.

अंगावरचं संपलं की अंगातलं. अतिशयोक्ती वाटली तर अवयवदानाची सरकारी आकडेवारी बघा. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली, त्यांतली ६,९४५ बायकांना. उरलेली पुरुषांना. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायका कितीतरी जास्त.

मी सध्या सोनेतारणच्या काउंटरला आहे. समोर काचेच्या पलीकडं रोज जोडपी येतात. बाईच्या ओच्यात किंवा पर्समध्ये रुमालाची पुरचुंडी. ती सोडायला वेळ लागतो, गाठ घट्ट मारलेली असते. आमचा मूल्यांकन करणारा सोनार दागिना कसाला लावतो, खडे, मेण, लाख यांचं वजन वजा करतो आणि निव्वळ वजन लिहितो. 'निव्वळ' हा शब्द ऐकला की माझ्या नाकात अजून तो वास येतो. शेतीसाठी सोनेतारण घेतलं तर व्याज कमी बसतं, म्हणून सातबारा जोडायचा. सातबारा नवऱ्याच्या नावावर. सोनं तिचं, उतारा त्याचा, म्हणून कर्जखातं त्याचं. कारणाच्या रकान्यात मी 'शेती' लिहिते. बाहेर बाकावर बसलेला पोरगा सांगत असतो की आजोबांची अँजिओप्लास्टी आहे, गाडी भाड्यानं केलीय, दुपारपर्यंत पैसे भरायचेत. आमच्या बँकेच्या कागदांत आजारपण कुठंच नाही. बचत गटाच्या रजिस्टरात शेळीपालन, आमच्याकडं शेती.

सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा, हे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं माझ्या लहानपणी गावोगाव सांगितलं होतं. १९८६ ला चांदवडला बायकांचा प्रचंड मेळावा झाला, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, १९९२ मध्ये शासनानंही लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला. आण्णा बिल्ला लावून सभांना जायचे. घरी येऊन आम्हाला भाषणं सांगायचे. आमचा सातबारा अजून त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.

काउंटरवर मध्ये एक बाई एकटीच आली होती, पन्नाशीची. कानातली फुलं ठेवायची होती. मी सवयीनं विचारलं, सोबत कोण आहे? "कशाला? फुलं माझी हायत." कर्ज कशाला, तर तिच्या स्वतःच्या गुडघ्याला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या दुखण्यासाठी स्वतःचं सोनं घेऊन एकटी आलेली बाई मोजायला एका हाताची बोटं पुरतील. तिचा फॉर्म मी कारणाच्या रकान्यात 'औषधोपचार' लिहून भरला. व्याज जास्त बसलं तिला त्यामुळं. हे चांगलं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. मी तिला विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "खरं हाय ते ल्ह्या."

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा माळ्यावरची ट्रंक काढली. भावाला घराचे जुने कागद हवे होते. तळाशी लाल वही. पुठ्ठ्याला कसर लागलेली, पण आण्णांचं अक्षर तसंच, उभं, ठसठशीत. १९९७ चं पान उघडलं. नाना, बियाण्याचं दुकान, दाजी, डेअरी. प्रत्येकावर सरळ रेघ, पट्टी लावून मारलेली. आण्णा ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी वही त्यांच्यासमोर धरली.

"आण्णा, यात आईची बोरमाळ न्हाई."

त्यांनी चष्मा वर केला, पान बघितलं, बराच वेळ बघितलं. "त्यात काय ल्ह्यायचं? घरचंच हुतं की." मग सुपारीचा तुकडा तोंडात टाकून, जरा थांबून म्हणाले, "तीन तोळ्याची हुती न्हवं ती?"

आत चुलीपुढं आई भाकरी थापत होती. तिला ऐकू कमी येतं आता, एक गोष्ट दोनदा सांगावी लागते. ही एकदाच पोचली.

"सव्वादोन," ती आतून म्हणाली. "लाख सोडून."

आणि तव्यावरची भाकरी उलटली.